गच्चीवरच्या डोणीतलं लाल पाणी

निसर्ग आपली गूढं सहसा कुणाला सांगत नाही. पण ज्याने आयुष्यभर निष्ठेने त्याचं दार ठोठावलं, त्याच्यासमोर तो एखाद्या दिवशी स्वतःहून प्रकट होतो. माझ्यासमोर तो प्रकट झाला तेव्हा मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या उलटत होतो. दार वगैरे मी कधी ठोठावलेलं नव्हतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेही अभ्यासक्रमात होतं तेवढंच, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या वाळवणाच्या खात्यात रुजू झालो. पापडी लवकर उलटली तर फाटते आणि उशिरा उलटली तर मोडते. नोकरीत एवढी जबाबदारी कधी अंगावर पडली नव्हती.

"सर, इकडे या बरं," गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. "हे पाहा काय करून ठेवलं कोणी."

आवाज आमच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडमचा होता. मॅडम मूळच्या नागपूरच्या. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यापर्यंत पोचून निवृत्त झाल्या आणि लेकीच्या आग्रहाने कोथरूडला, आमच्या सोसायटीत राहायला आल्या. साऱ्या सोसायटीत त्यांना मॅडमच म्हणतात. आमचे चेअरमनसुद्धा म्हणतात, आणि ते सहसा कुणाला काही म्हणत नाहीत, फक्त उद्देशून बोलतात.

मॅडम ज्याकडे बोट दाखवत होत्या ती त्यांची डोणी. डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. ही बेताची, एखाद्या वासराला पुरेल एवढी. कात्रजच्या पुढे रस्त्याकडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या माणसाकडून त्यांनी ती घेतली होती आणि पक्ष्यांना पाणी म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली होती. बुलबुल यायचे, साळुंक्या यायच्या, एक दयाळ यायचा आणि बाकीच्यांना हुसकून एकटाच अंघोळ करायचा.

त्या डोणीतलं पाणी लाल झालं होतं. गुलाबी नव्हे, विटकरीही नव्हे, चांगलं ठसठशीत लाल.

"रंगपंचमीचा रंग टाकला कोणी," मॅडम म्हणाल्या.

"रंगपंचमी होऊन गेली की."

"तुमच्या पुण्यात वाया जाऊ देत नाहीत ना काही. उरला असेल."

मी वाकून पाहिलं. रंग असता तर पाण्यात सारखा पसरला असता. हा दगडाला कडेकडेने धरून बसला होता, पाण्याच्या रेषेशी जास्त गडद. माझ्या मनात एक शंका आली आणि इतक्या वर्षांनी मनात काहीतरी आलं याचंच आधी अप्रूप वाटलं. पापड्यांशेजारचा वाटीचमचा घेतला, थोडं पाणी खरवडून वाटीत घेतलं आणि खाली आलो.

घरी माझा एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. त्याच्यावर सध्या टेलिफोन आणि विजेच्या बिलांची चवड असते. ती बाजूला केली, काचपट्टीवर थेंब ठेवला, डोळा लावला, आणि तिथे ते होतं. लाल, गोल, जाड कवचाच्या पेशी, डाळिंबाचे दाणे सांडल्यासारख्या. त्यांच्यामधून दोन-चार पेशी पोहत होत्या. पोटात लाल ठिपका, कडेला हिरवी किनार, पुढे दोन बारीक केस. पुस्तकात त्या केसांना कशाभिका म्हणतात.

"हिमॅटोकॉकस!" मी ओरडलो.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

तिला काय सांगणार? हिमॅटोकॉकस ही गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळाची एक प्रजाती. हिरव्या, हे महत्त्वाचं. तो दिसतो लाल, पण कागदोपत्री हिरवा आहे. मी तो नोकरीभर शिकवला. परीक्षेत तो 'टिपा लिहा' मध्ये यायचा आणि मुलं त्याला पर्यायात टाकायची. आमच्या विभागात त्याची एक कायमस्वरूपी काचपट्टी होती, माझ्याही आधीची; तिच्यावरचा लाल रंग उडून उडून दुसऱ्या पाण्याच्या चहासारखा झाला होता. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या चहात डोळे घालून 'दिसला का?' असं विचारत आलो आणि मुलं 'दिसला सर' असं म्हणत आली. जिवंत हिमॅटोकॉकस मी कधीच पाहिलेला नव्हता. आणि तो माझ्या डोक्यावर, दोन मजले वर, राहायला आला होता.

मी धावत वर गेलो. मॅडम तिथेच उभ्या होत्या. डोणीवर पहारा देत होत्या म्हणायला हरकत नाही.

"शेवाळ आहे," मी म्हणालो. "फार दुर्मिळ नाही, पण फार शहाणं. पाणी भरपूर आणि खायला व्यवस्थित असलं की हे हिरवं असतं, आनंदाने पोहत असतं. पाणी आटलं, ऊन तापलं, खायला मिळेनासं झालं, की पोहणं बंद करतं, अंगाभोवती जाड कवच बांधतं आणि आत लाल रंग भरून बसतं. तो रंग म्हणजे त्याची छत्री. ऊन लागू नये म्हणून. तसं कोरडं वर्षानुवर्षं राहू शकतं. वाऱ्याने धुळीबरोबर उडतं, पक्ष्यांच्या पायाला चिकटून येतं."

"पण माझ्याच डोणीत काऊन आलं? मी तर रोज घासून राहिली!"

इथे थोडं मागे जायला हवं. आमच्या चेअरमनांना ती डोणी पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. ते एका कारखान्यातून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. भाषण करायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. तिथे ऐकणाऱ्यांना पगार मिळत असे. गच्चीचं सौंदर्यीकरण करायचं त्यांच्या मनात होतं, आणि सौंदर्यात वासराची डोणी बसत नव्हती. एकदम नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी अटी घातल्या: डोणी रोज घासावी, दुपारी उन्हात कोरडी वाळवावी, आणि सायंकाळी त्यात पिण्यायोग्य पाणीच भरावं. कंटाळून मॅडम स्वतःच डोणी उचलतील असा त्यांचा हिशेब.

पण त्यांना सरकारी नोकरी ठाऊक नव्हती. मॅडमनी अट जशी लिहिली होती तशी पाळली. सकाळी काथ्याने घासायच्या, दुपारी वाळवायच्या, संध्याकाळी स्वतःच्या घरच्या फिल्टरचं पाणी, ज्यातून क्षार आणि बाकी सगळं गाळून गेलेलं असतं असं, कळशीने आणून ओतायच्या. कोथरूडमधली माणसं जे पाणी पितात तेच पाणी कोथरूडमधले बुलबुल पीत होते.

"त्यामुळेच," मी सांगितलं. "साध्या डबक्यात दहा तऱ्हेची शेवाळं असतात, ती याला उभं राहू देत नाहीत. तुम्ही त्या सगळ्यांना घासून बाहेर काढलंत. हे तेवढं दगडाच्या छिद्रात चिकटून राहिलं. मग रोज उपास घडवलात आणि रोज ऊन दाखवलंत. याला यापेक्षा लाल व्हायला आणखी काय हवं?"



"म्हणजे मी स्वच्छता करून करून घाण केली."

"घाण नाही. हिमॅटोकॉकस."

"ते चेअरमनला सांगा," त्या म्हणाल्या.

सांगायची वेळ त्याच संध्याकाळी आली. कुणीतरी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि चेअरमनांनी गच्चीवर तातडीची सभा बोलावली. तातडीची असल्यामुळे ती ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा सुरू झाली.

"विषय आरोग्याचा आहे," चेअरमन म्हणाले. "वरच्या टाकीपासून ही डोणी काही पावलांवर आहे. उद्या साथ आली तर इतिहास आपल्याला विचारेल."

आमची सेक्रेटरी आयटीतली. बुद्धिमान मुलगी, पण तिच्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीला नंतर एक मीटिंग असते. ती म्हणाली, "सर, बेसिकली हे टॉक्सिक आहे का? यस ऑर नो तेवढं सांगा ना."

"नाही," मी म्हणालो. "उलट लोक हे खातात."

"कोण लोक?" चेअरमन.

"आपण."

चेअरमनांनी मला उद्देशून भुवया वर केल्या. त्यांच्या सांध्यांसाठी ते रोज सकाळी दुधाबरोबर एक लाल कॅप्सूल घेतात. मागे एकदा तिची थोरवी सांगताना त्यांनी बाटली माझ्या हातात दिली होती आणि वेष्टनावरची बारीक अक्षरं मी सवयीने वाचली होती. हिमॅटोकॉकस. वाळवून, भुकटी करून, कॅप्सूलमध्ये भरलेला. हे मी सभेला सांगितलं. भिगवणच्या रोहित पक्ष्यांना गुलाबी रंग येतो तोही याच नात्यातल्या रंगांमुळे, हेही सांगितलं. पण तोवर सगळे चेअरमनांच्या गालांकडे बघायला लागले होते.

"ते इम्पोर्टेड आहे," चेअरमन म्हणाले. "त्याचा आणि डोणीचा संबंध लावू नका. ठराव: सदर डोणी गच्चीवरून हटवावी."

"माझा विरोध," मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या."

ठराव तिथेच मंजूर झाला असता. पण तेवढ्यात चेअरमनांच्या सौ. त्यांना जेवायला बोलवायला वर आल्या. सूर्य बावधनच्या टेकड्यांकडे कलला होता, तिरपं ऊन नेमकं डोणीत पडलं होतं आणि ते पाणी खरोखर फार सुंदर दिसत होतं. मी शास्त्राचा माणूस असूनही कबूल करतो. वहिनींनी ते पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले.

"अहो, कुंकवाचा करंडाच की हो हा!"

 चेअरमनांनी बायकोकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बायकोकडे पाहिलं.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले, "हा प्रकार साधा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पापड्या घेऊन वर गेलो तर वाळवणाला जागा नव्हती. वहिनींचं अख्खं भजनी मंडळ वर होतं. डोणीला हळदीकुंकू लागलं होतं, समोर नारळ होता, खणाची घडी होती. जलदेवता प्रकट झाली होती. देवता स्त्रीलिंगी असल्याने तिची ओटी भरायची हे ओघाने आलंच. चेअरमन स्वतः रांग लावत होते. सांध्यांचा उल्लेखही नव्हता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा बेत आखला. डोणी गच्चीवर शोभत नाही या मतावर ते ठाम होते, फक्त कारण बदललं. आता ती खाली गेटपाशी, संगमरवरी चौथऱ्यावर, काचेच्या पेटीत ठेवायची. पेटीला कुलूप, आत दिवा. लोकार्पण कुठल्याशा महामंडळाच्या माजी अध्यक्षांच्या हस्ते. समारंभ गच्चीवर, आणि मग डोणीची खालपर्यंत मिरवणूक.

"आणि पक्षी?" मॅडमनी विचारलं.

"त्यांनाही खाली येऊन दर्शन घेता येईल की," चेअरमन म्हणाले. "देवाच्या दारी भेदभाव नाही."

"काचेतून?"

"दर्शनच घ्यायचंय ना, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला घरी बोलावलं. त्यांच्या घरात शिरलं की समोर शांत बसलेले बुद्ध दिसतात आणि पाठोपाठ पाण्याचा तांब्या येतो. बसा म्हणायच्या आधी पाणी. मी पाणी प्यालो.

"सर, मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही, तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमचं घर आजोबांपासून बौद्ध. ज्याची त्याची श्रद्धा. पण ही डोणी खाली गेली तर मी काय करू? आमच्या नागपूरला उन्हाळ्यात दारात माठ ठेवतात. दुपारी येणाऱ्याला पहिले पाणी. इथं आली तर दुपारी दार वाजवायला कोणी येतच नाही. तुमचं सगळं पुणं झोपून राहते. मी म्हटलं, माणसं नाही तर नाही, पाखरं तरी येतील. ते येतात. आता त्यांना काचेतून पाणी दाखवायचं का?"

पुणेकर म्हणून यावर मला एखादं चोख उत्तर सुचायला हवं होतं.  पण दुपारचे तीन वाजले होते आणि मला स्वतःला झोप येत होती.

"काही होईल का?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"त्या तुमच्या हिमॅटो-बिमॅटोचं. तुम्ही म्हटलं उपाशी ठेवलं आणि ऊन दाखवलं की लाल होते. मग खायला घातलं तर?"

"हिरवं होतं."

"आणि सावलीत?"

"आणखी लवकर होतं. शिवाय बाकीची शेवाळंही मग येतात. ती आली की याचं काही चालत नाही."

मॅडमनी तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं. कचेरीत फाईल मिटताना त्या असंच करत असाव्यात.

"मग होऊ द्या पूजा," त्या म्हणाल्या.

आणि पूजा झाली. मी इथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे: पुढे जे झालं त्याचं मोठं श्रेय चेअरमनांचं आहे. देवीला ऊन लागू नये म्हणून त्यांनी डोणीवर झालरीचा मांडव घातला. देवीला हात लावायचा नाही म्हणून घासणं बंद केलं. वाळवण्याचा तर प्रश्नच नव्हता; मूर्ती कुणी उन्हात पालथी घालतं का? रोज सकाळी पळीभर पंचामृत, अक्षता, फुलं, दूर्वा, शहाळ्याचं पाणी. एका भाविकाने केळं सोलून सालीसकट वाहिलं. इतक्या दिवसांच्या उपासानंतर हिमॅटोकॉकसच्या पानात एकदम एवढी पक्वान्नं पडली. एखाद्या प्रयोगशाळेत मी हे करा म्हटलं असतं तर मंजुरीला वर्ष गेलं असतं.

मॅडमही रांगेत येऊ लागल्या. हातात छोटा तांब्याचा गडू, वर झाकण.

"बघा," चेअरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडमसुद्धा आल्या!"

"काय सांगता येते भाऊ," मॅडम म्हणाल्या. "कोणाची श्रद्धा कशात असेल."

त्यांची श्रद्धा गांडूळखतात होती. सोसायटीच्या मागे ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, त्यातून झिरपणारं पाणी त्या गाळून आणत आणि दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने, डोणीत अर्पण करत. वहिनींनी त्यांना विचारलं, "तीर्थ कुठलं हो?" मॅडम म्हणाल्या, "जवळचंच आहे." खोटं बोलायचं नाही ही शिस्त त्यांनी रांगेतही सोडली नाही.

मी रोज एक थेंब घरी न्यायचो. लोकांना वाटायचं मी तीर्थ नेतो. माझ्याबद्दलचं सोसायटीचं मत त्या काळात बरंच सुधारलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मजा यायची. लाल कवचं आतून फुटत होती आणि त्यांच्यातून पिलं बाहेर पडत होती; हिरवीगार, दोन-दोन केसांची, कामावर उशीर झाल्यासारखी पळणारी. बायको म्हणाली, "एवढं लक्ष पापड्यांकडे दिलं असतंत तर." त्या वर्षीच्या पापड्या सगळ्या मोडल्या होत्या.

वर पाण्याचा रंग आधी तपकिरी झाला, चिंचेच्या कोळासारखा.

"सर, कलर चेंज होतोय," सेक्रेटरी मला म्हणाली. "इट्स लाइक, मरून? चेअरमनना सांगू का?"

"त्यांना दिसत नाही?"

"ते म्हणाले देवी रूप पालटतेय. मी ग्रुपवर तसं अपडेट टाकलंय."

वासही यायला लागला. त्यावर उदबत्त्या वाढवण्यात आल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी चेअरमनांनी डोणीवर रेशमी शेला अंथरला आणि आता उद्या साहेबांच्या हस्तेच उघडायचा म्हणून सांगितलं. शेल्याखाली काय चाललंय हे त्यामुळे कुणी पाहिलं नाही. समारंभ गच्चीवर म्हणून तिथल्याच भिंतीवर संगमरवरी पाटी मात्र बसली होती, तिच्यावरही पडदा होता. पाटीवर फक्त साहेबांचं नाव, त्यांची जुनी पदं आणि 'यांच्या शुभहस्ते लोकार्पण' एवढंच कोरलं होतं. कशाचं लोकार्पण हे लिहायला जागा उरली नव्हती. पदं फार होती.

साहेब आले. उंच, पांढरे शुभ्र, जिना चढून दमलेले. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, पगडी घातली. वैशाखातल्या उन्हात पगडी आणि शाल घालून माणूस कसा उभा राहतो हे मला कधी कळलेलं नाही; हिमॅटोकॉकसलाही जमलं नसतं. चेअरमनांनी पाण्याचं माहात्म्य सांगितलं. पाणी म्हणजे जीवन इथून सुरुवात करून ते सिंधू संस्कृतीपर्यंत मागे गेले आणि परत यायला त्यांना बराच वेळ लागला. मग साहेबांनी दोन बोटांनी शेला उचलला.

डोणीतलं पाणी हिरवं होतं. नुसतं हिरवं नाही, शेतकी खात्याच्या भिंतीसारखं हिरवं. वर एक केळ्याची साल तरंगत होती.

 फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

"लाल म्हणाला होतात ना?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ते… कालपर्यंत…" चेअरमन पहिल्यांदाच एखादं वाक्य अर्धवट सोडत होते. "सर! आमचे सर शास्त्रज्ञ आहेत, ते सांगतील."

मी पुढे झालो. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला हिमॅटोकॉकसबद्दल आपण होऊन विचारत होतं. मी प्रकाश, नायट्रोजन, कोष, कशाभिका, सगळं क्रमाने सांगायला सुरुवात केली.

साहेबांनी मला हाताने थांबवलं. "म्हणजे शेवाळ?"

"हो."

ते चेअरमनांकडे वळले. "मला तुम्ही शेवाळाच्या उद्घाटनाला बोलावलंत?"

चेअरमनांचा चेहरा मात्र त्या क्षणी कुंकवाच्या करंड्यासारखा झाला होता. "काढा ही डोणी," ते सेक्रेटरीला दबक्या आवाजात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. टाकून द्या." साहेब पगडी काढायला लागले होते. दोन माणसं डोणी उचलायला वाकलीसुद्धा.

आणि मग मॅडम पुढे आल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेली कळशी होती.

मी त्यांना विचारलं होतं एकदा, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्या काय शिकल्या. त्या म्हणाल्या होत्या, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या हातून काहीतरी झाल्याशिवाय त्याला गाडीत बसू देऊ नये. झाड लावू द्या, फीत कापू द्या, नळ सोडू द्या. हात रिकामा गेला की चौकशी लागते.

"साहेब," मॅडम म्हणाल्या. आवाज असा की वाकलेली दोन्ही माणसं आपोआप सरळ झाली. "हा पक्ष्यांचा पाणवठा आहे. उन्हाळा फार आहे. आपल्या शुभहस्ते पहिली कळशी ओतायची आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. एका जुन्या सरकारी माणसाने दुसऱ्याला ओळखलं. पगडी परत डोक्यावर गेली.

"हे आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "पक्षी हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे."

त्यांनी कळशी घेतली, फोटोग्राफरने कॅमेरा वर केला, पाणी ओतलं गेलं. साहेब मुक्या जीवांबद्दल बोलले. डोणी याच जागी, याच उघड्या आकाशाखाली राहिली पाहिजे, तिला हलवणं हा पाखरांवर अन्याय होईल, असं त्यांनी चेअरमनांना सर्वांसमोर बजावलं. चेअरमन म्हणाले की त्यांची मूळ कल्पना हीच होती. पाटीवरचा पडदा दूर झाला. पाटीवर जे कोरलं होतं ते पाणवठ्यालाही तंतोतंत लागू पडत होतं. टाळ्या झाल्या आणि मंडळी बटाटेवडे खायला खाली गेली.

काचेची पेटी रद्द झाली. उद्घाटन झालेली वस्तू हलवता येत नाही, एवढा कायदा चेअरमनांनाही ठाऊक होता. घासण्या-वाळवण्याच्या अटीही आपोआप गेल्या, कारण साहेबांच्या फोटोत पाणी हिरवं होतं आणि ते तसंच दिसायला हवं होतं. लाल रंग पुन्हा काही आला नाही. माझा हिमॅटोकॉकस बाकीच्या थोरामोठ्या शेवाळांच्या गर्दीत दिसेनासा झाला. शोधला तर थेंबात एखादा सापडे, हिरवा, पोट भरलेला, ओळख न देणारा.

त्या दिवशी वडे खायला मी आणि मॅडम खाली गेलो नाही. सगळे गेल्यावर मांडव सोडला, केळ्याची साल काढून टाकली आणि टाकीच्या सावलीत बसलो. पाणवठ्याचा पहिला लाभार्थी कोण येतो याची मॅडमना उत्सुकता होती. त्यांना दयाळ हवा होता.

कावळा आला. तो पाटीवर बसला, इकडेतिकडे पाहिलं, खाली उतरला आणि चोचीतलं कोंबडीचं हाड त्याने डोणीत नीट बुचकळून धुऊन घेतलं.